शंकररावांचा जाळ कोणी काढला?

'आपल्या हातून वाचलेल्या एखाद्या रुग्णाविषयी लिहा,' असा संपादकांचा आग्रह आहे. मागणी साधी आहे. अडचण 'आपल्या हातून' एवढ्या दोन शब्दांची आहे. ज्या रुग्णाविषयी लिहावेसे वाटते तो वाचला, हे निश्चित. कोणाच्या हातून वाचला, हे मी आजपर्यंत ठरवू शकलेलो नाही. संपादकांना हे चालणार असेल तर पुढे लिहितो.

मी मिरजेत भूलतज्ज्ञ होतो. आम्ही माणसाला झोपवतो, अशी लोकांची समजूत आहे. झोपवणे हा आमच्या कामाचा सर्वांत सोपा भाग. माणूस झोपला की त्याचे शरीर जी कामे न सांगता करत असते, ती आम्हाला त्याच्या वतीने करावी लागतात. श्वास चालवावा लागतो, रक्तदाब राखावा लागतो, नाडीकडे लक्ष द्यावे लागते. नाडी पाहण्यापेक्षा ऐकावी लागते, हे अधिक खरे. रक्तातला प्राणवायू उतरला की मॉनिटरचा सूर उतरतो. एकदा एका तंबोरे करणाऱ्या कारागिराचे हर्नियाचे ऑपरेशन कमरेखाली भूल देऊन चालले होते. तो जागाच होता. पडल्या पडल्या म्हणाला, "डॉक्टर, तुमचं मशीन जरा उतरलंय." मी पाहिले, तर त्याच्या बोटाचा चिमटा सरकला होता. चिमटा नीट बसवला. "आता लागलं," असे म्हणून त्याने डोळे मिटले. त्या दिवसापासून मी अधिक लक्षपूर्वक ऐकू लागलो.

या कामात आमचा एक जुना शत्रू आहे. त्याचे नाव व्हेगस. ही एक नस आहे. कवटीच्या तळातून निघून ती मानेतून खाली उतरते आणि हृदय, फुप्फुसे, जठर, आतडी यांना फांद्या देत जाते. तिचा स्वभाव 'सावकाश' म्हणण्याचा. सर्जनने आतडे जरा जोराने ओढले की ही नस चेतते आणि हृदय मंदावते. क्वचित थांबतेही. त्यावर अ‍ॅट्रोपिन हे औषध आहे. ते दिले की हृदयापुरता या नसेचा आवाज बंद होतो. माझ्या गुरूंनी पहिल्याच आठवड्यात बजावले होते: नसेला डिवचण्याआधी अ‍ॅट्रोपिन. मी ते नोकरीभर पाळले. हे लक्षात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

नव्वदचे दशक संपत आले होते. हिवाळा होता, गुऱ्हाळे चालू होती. कृष्णाकाठच्या, कराडखालच्या एका गावातून शंकरराव नावाच्या गृहस्थांना आमच्याकडे आणले. ते गुळवे होते. गुऱ्हाळावर रस उकळत असताना चुलवाणाच्या भट्टीवरच्या मोठ्या कढईशी, म्हणजे काहिलीशी, उभे राहून, जाळ केव्हा वाढवायचा, केव्हा ओढायचा आणि काहील केव्हा उतरवायची, हे ठरवणारा माणूस म्हणजे गुळव्या. हंगाम बुडेल म्हणून त्यांनी पोटातले दुखणे अंगावर काढले. अपेंडिक्स आतच फुटले. आमच्या सर्जननी, त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत, पोट उघडून पू धुऊन काढला आणि उरलेला बाहेर यावा म्हणून एक नळी, म्हणजे ड्रेन, आत ठेवली. ऑपरेशन व्यवस्थित पार पडले. त्यानंतर शंकरराव सेप्टिक शॉकमध्ये गेले आणि अतिदक्षता विभागात, म्हणजे माझ्या ताब्यात आले.

सेप्टिक शॉक म्हणजे काय, ते त्यांच्या नातेवाइकांना जसे सांगितले तसेच सांगतो. सोबत दोघे होते. थोरले भाऊ सैन्यातून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. आणि शंकररावांच्या पत्नी, हौसाबाई. मी म्हणालो, "अंगात जंतू शिरले की शरीर जाळ पेटवते. तो जाळ जंतूंना मारतो. तो हवाच. पण कधी कधी शरीराला तो आवरता येत नाही. जंतू मरायला लागले तरी जाळ चालूच राहतो. मग रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्तदाब कोसळतो, मूत्रपिंडे थांबतात. आता तसे झाले आहे."

सुभेदारांनी पाठीमागे हात बांधून सगळे ऐकले. "म्हंजे गूळ तयार झालाय, खरं चुलवाणातला जाळ कुणी ओढंना झालंय."

"तसे म्हणा."

"मंग तुमी कशाला हायसा?"

प्रश्न रास्त होता. मी जे करत होतो ते सांगितले. श्वास यंत्रावर होता. रक्तदाब टिकवणाऱ्या औषधाची धार चालू होती. प्रतिजैविक आदल्या दिवशीच बदलले होते. जाळ ओढणारे औषध मात्र आमच्यापाशी नव्हते. परदेशात तशी औषधे निघाली, फार गाजली, आणि रुग्णांवर कसोटीला उतरली नाहीत, एवढे मी वाचले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी शंकररावांची प्रकृती आणखी खालावली. लघवीची पिशवी जवळजवळ रिकामी होती. औषधाची धार वाढवत नेली तरी रक्तदाब दाद देईना. या टप्प्यावर माझा साहाय्यक सुहास मला बाजूला घेऊन बोलू लागला. तो नुकताच परदेशात शिकून आला होता. हुशार होता आणि आपण हुशार आहोत हे त्याला ठाऊक होते. तिकडच्या प्रयोगशाळांत त्याने एक चर्चा ऐकली होती. व्हेगस केवळ हृदयाला सावकाश म्हणत नाही, ती दाहालाही सावकाश म्हणत असावी. उंदरांना जंतूंचे विष टोचून त्यांच्या या नसेला विजेचे बारीक झटके दिले, तेव्हा रक्तदाब पुष्कळांचा टिकला.

"सर, शरीरात गुळव्या आहेच. तो ओरडत नाहीये, एवढंच. त्याला जागं करायचं."

"कशाने?"

त्याने खिशातून आमचीच डबी काढली. भूल उतरताना रुग्णाचे स्नायू जागे झाले की नाही, हे पाहण्यासाठी आम्ही ती वापरत असू. तिच्या दोन तारा मनगटाजवळ लावायच्या, कळ दाबली की अंगठा उडतो. सुहासला त्या तारा कानाला लावायच्या होत्या. व्हेगसची एक बारीक फांदी कानाच्या खळग्यापर्यंत येते. कानातला मळ काढताना काही माणसांना खोकला येतो, तो तिच्यामुळे. मानेत चिरफाड करायला नको, असे त्याचे म्हणणे होते.

मला हे पटले नाही. पटले नाही, हेही पूर्ण खरे नाही. काय पटावे, हेच मला कळेना. जिला मी आयुष्यभर गप्प बसवत आलो, त्या नसेला हा मुद्दाम बोलते करायला निघाला होता. शॉकमध्ये नाडी जलद चालते ती कमी रक्तात काम भागवण्यासाठी. ती मंदावली तर शंकरराव तिथेच संपले असते. दुसरीकडे, काहीही केले नाही तर ते उद्यापर्यंत टिकणार नाहीत, हेही मला दिसत होते. एका बाजूला माझे शिक्षण होते, दुसऱ्या बाजूला उंदीर. मधे एक माणूस पडला होता.

भाऊसाहेब ड्रेसिंग पाहायला आले होते. त्यांनी सगळे ऐकून घेतले.

"कान पिळून माणूस पास होणार असेल, तर आमच्या शाळेतल्या मास्तरांना बोलवा. त्यांचा हात बसलेला आहे."

"भाऊसाहेब, तुमच्या ड्रेनमधून काल पू येत होता. आज येत नाहीये," सुहास म्हणाला.

"पू संपला असेल."

"किंवा नळी तुंबली असेल."

भाऊसाहेब ड्रेसिंगसाठी हातमोजे शोधू लागले.

मी बाहेर जाऊन नातेवाइकांना सांगितले. लपवले काही नाही.

"हे आधी कुणावर केलंय?" सुभेदारांनी विचारले.

"माणसावर केल्याचे मला ठाऊक नाही. उंदरांवर केले आहे."

"उंदरं जगली?"

"बरीचशी. सगळी नाहीत."

हौसाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आवं, आमच्यात औषध घालून घालून उंदरं मरंना झाल्यात. आन् तिकडं करंट दिऊन जगवत्यात व्हय?"

सुभेदारांनी उंदीर बाजूला ठेवले. मला म्हणाले, "सर, एक इचारतो. जाळ लौकर ओढला, तर गूळ बसत न्हाई. काकवी ऱ्हाती नुसती. तुमचं जंतू आजून मेलं नसतील आन् तुमी जाळ ओढला, तर?"

हीच शंका मलाही होती. तिचे उत्तर सुहासपाशी नव्हते, त्याच्या परदेशातल्या गुरूंपाशीही नसावे. मी म्हणालो, "मग ते दगावतील."

"आन् न्हाई ओढला तर?"

"तरीही बहुधा दगावतील."

"मंग इचारायलासा कशाला? तुमी ऑर्डर द्या."

आमच्या भागात हे नेहमीचे. दुखण्याची पुरती हकिगत ऐकतील, नेमके प्रश्न विचारतील, आणि शेवटी 'तुमी म्हणाल तसं' म्हणून निर्णय डॉक्टरच्या पदरात घालतील. यात विश्वास किती आणि ओझे उतरवणे किती, हे मला कधी उलगडले नाही. मी हौसाबाईंकडे पाहिले.

"माझ्याकडं काय बगतासा?" त्या म्हणाल्या. "मला त्यो घरला यायला पायजे. कान धरून आणा न्हाईतर पाय धरून आणा."

मी आत गेलो. सुहासला सांगितले, "झटके हलके द्यायचे. थोडा वेळ द्यायचे, थांबायचे. नाडीवर बोट माझे राहील. मी थांब म्हणालो की थांबायचे. चर्चा नाही."

सुहासने डबी आधी स्वतःच्या मनगटाला लावून पाहिली. त्याचा अंगठा उडाला. मग त्याने ओल्या कापडाच्या बारीक घड्या करून शंकररावांच्या डाव्या कानात बसवल्या आणि पाठमोरा वाकून चिमटे लावू लागला. सिस्टरने मला अ‍ॅट्रोपिनची सिरिंज भरून दिली. नाडी मंदावली तर हाताशी असावी, एवढ्यासाठी. मी ती सलाइनच्या नळीला जोडून ठेवली.

"सुरू करू, सर?"

"कर."

त्याने कळ दाबली. मी मॉनिटर ऐकत होतो. नाडी मंदावेल, या धास्तीने माझे सगळे लक्ष कानांत गोळा झाले होते. ती मंदावली नाही. जरा जलद झाली. सुहास गोंधळला.

"वर चाललीये, सर. खाली यायला हवी. निदान तेवढीच राहायला हवी." त्याने चिमटे पाहिले. डबी पाहिली. मग त्याची नजर माझ्या हाताकडे गेली. सिरिंज रिकामी होती.

"सर, दिलंत?"

मीही सिरिंजकडे पाहिले. "दिले."

"का?"

"देतात."

नसेला डिवचण्याआधी अ‍ॅट्रोपिन. डोके 'हाताशी ठेव' म्हणत होते. सिरिंजवरच्या अंगठ्याने ते ऐकले नाही. तो बरीच वर्षे आपल्या पद्धतीने काम करत आला होता. सिस्टरने तोंड दुसरीकडे फिरवले. ती हसत होती की घाबरली होती, मला दिसले नाही.

"सर, ज्याला जागं करायचं, त्यालाच तुम्ही आधी झोपवलंत."

"हृदयापुरते."

"आणि दाहापुरतं?"

"ते मला काय ठाऊक? तुला ठाऊक आहे?"

त्यालाही ठाऊक नव्हते. आम्ही दोघे एका बेशुद्ध माणसाच्या दोन्ही बाजूंना उभे होतो. एकाने नस चेतवलेली, दुसऱ्याने बंद केलेली. आत नेमके काय चालले आहे, हे सांगणारे कोणी नव्हते. तरी संध्याकाळपर्यंत आम्ही थांबून थांबून झटके देत राहिलो. सुरुवात केली आहे तर पुरी करावी, यापलीकडे त्याला कारण नव्हते.

त्याच संध्याकाळी भाऊसाहेब पुन्हा आले. सुहासचा टोमणा त्यांना लागला असावा. ड्रेनची नळी खरोखरच तुंबली होती. त्यांनी पलंगापाशीच जखमेचा एक टाका सोडून बोट आत घातले. आतल्या एका कप्प्यात साठलेला पू बराच बाहेर आला. "आता कान सोडा त्याचा," असे म्हणून ते हात धुवायला गेले.

सकाळी लघवीच्या पिशवीत लघवी होती. सिस्टरने ती मला दाखवली, तेव्हा ती पिशवी घरच्या तान्ह्या मुलासारखी धरली होती. दुपारपर्यंत औषधाची धार कमी करता आली. पुढच्या काही दिवसांत ती बंद झाली, मग श्वासाचे यंत्रही सुटले. शंकररावांनी डोळे उघडले आणि घशातली नळी निघाल्यावर पहिला प्रश्न विचारला, "गुऱ्हाळावर कोण हाय?"

रुग्ण बरा झाला की मानकरी पुष्कळ निघतात. भाऊसाहेबांच्या मते त्यांच्या बोटाने काम केले. बाहेरून येणारे फिजिशियन म्हणाले, प्रतिजैविक बदलले त्याचा हा परिणाम, त्याला एवढा वेळ लागतोच. हौसाबाईंनी गावच्या देवीला साकडे घातले होते; त्यांना शंका नव्हती. सुभेदार म्हणाले, "ऑर्डर वेळेवर सुटली." सुहासला खात्री होती की हे काम नसेचे. मला कशाचीच खात्री नव्हती.

शंकरराव घरी जाण्याच्या दिवशी त्यांनी मला विचारले, "डॉक्टर, दादा सांगत हुता, माझ्या अंगातला जाळ आवरत नव्हता. मंग त्यो वढला कुणी?"

"ठाऊक नाही."

"मंग माझ्या मागनं जो ईल, त्याला काय करनार?"

मी त्यांना गोळ्या कशा घ्यायच्या ते सांगितले.

सुहासने या प्रकरणावर निबंध लिहायला घेतला. मसुदा माझ्याकडे आणला. त्यात झटके होते, रक्तदाब होता. ड्रेनचा उल्लेख एका वाक्यात होता. अ‍ॅट्रोपिन नव्हते.

"अ‍ॅट्रोपिन लिही."

"ते लिहिलं तर कोणी छापणार नाही, सर."

"मग छापू नये."

त्याने लिहिले नाही. मी सही केली नाही. त्यानंतर आलेल्या रुग्णांवर तो प्रयोग पुन्हा करण्याची, या वेळी अ‍ॅट्रोपिनशिवाय करण्याची, परवानगी त्याने मागितली. मी दिली नाही. जे आपल्याला समजले नाही, ते दुसऱ्या माणसावर पुन्हा करू नये, असे माझे मत होते. करून पाहिल्याशिवाय समजणार कसे, असे त्याचे होते. दोन्ही मतांत काही चूक आहे, असे मला आजही वाटत नाही, आणि नेमकी तीच अडचण आहे. पुढच्या हंगामाआधी तो पुण्याला निघून गेला. आमच्या विभागात सेप्टिक शॉकने त्यानंतरही माणसे गेली. त्यांतले कोणी कानाला तार लावल्याने राहिले असते का, या विचाराने मला झोप येत नाही असे नाही. पण तो विचार येतो.

मी निवृत्त झाल्यावर सुहासचा फोन आला. मधल्या काळात या विषयावर पुष्कळ काम झाले होते. तो म्हणाला, व्हेगस दाहाला जो निरोप धाडते, तो ज्या दारातून आत जातो ते दार अ‍ॅट्रोपिनने बंदच होत नाही, असे आता मानतात.

"म्हणजे सर, आपलं अ‍ॅट्रोपिन आड आलंच नसेल."

"म्हणजे झटक्यांनी काम केले?"

"तसंही म्हणता येत नाही, सर."

तो बदलला होता. मला बरे वाटले.

एक सांगायचे राहिले. शंकररावांच्या दुखण्यानंतरच्या हंगामात सुभेदार बोलावणे घेऊन आले आणि मी त्यांच्या गुऱ्हाळावर गेलो. शंकरराव पुन्हा काहिलीशी उभे होते. अंगाने उतरले होते, आवाज पूर्ववत होता. चुलवाणात चिपाड घालणाऱ्या गड्यावर ते ओरडत होते. मला पाहताच त्यांनी अगदी काहिलीजवळ खुर्ची मांडायला लावली, रस पाजला, आणि पोटावरचा वण, खाल्लेली पथ्ये, गावातल्यांनी विचारलेले प्रश्न, सगळे सांगत बसले. मीही विचारत बसलो. जाळ केव्हा ओढायचा, हे कसे कळते? ते सांगू लागले. बुडबुड्यांचा आकार, वासातला फरक, पाण्यात टाकलेल्या थेंबाची गोळी. एवढ्यात त्यांचे बोलणे तुटले. ते नाक वर करून उभे राहिले आणि गड्यावर ओरडले. सगळ्यांनी धावून काहील उतरवली.

निवण्यासाठी वाफ्यात, म्हणजे पसरट हौदात, ओतलेला गूळ काळपट निघाला. सुभेदारांनी चव घेतली आणि थुंकले.

"करपलाय," ते म्हणाले. "व्वा रं गुळव्या. डॉक्टरास्नी हीच ढेप बांधून दे."

"कशाने झाले?" मी शंकररावांना विचारले.

त्यांनी गुळाचा तुकडा बोटांनी चुरून पाहिला. "जाळ जास्त झाला आसंल. न्हाईतर ह्या फडातला ऊस खारा हाय. न्हाईतर तुमी आलासा."

"यातले नक्की कोणते?"

"काय सांगायचं?"

मला त्यांचाच प्रश्न आठवला. म्हणालो, "मग पुढच्या काहिलीला काय करणार?"

शंकररावांनी हात पुसले. पुढचा रस काहिलीत पडू लागला होता.

"काय करनार? हितंच हुभा ऱ्हानार. आन् तुमास्नी लांब बसवनार."

मी खुर्ची उचलली आणि लांब जाऊन बसलो.